‘ऑपरेटरची चूक’ हे कारण चालणार नाही

हा लेख राजकारणावर नाही. म्हणजे आहे, पण कुठल्या पक्षावर नाही. मत कुणाला द्यावं हे यात सापडणार नाही, तेव्हा संपादक सरांनी निर्धास्त राहावं. प्रश्न साधा आहे. ज्याचं राजकीय मत आपल्याशी जुळत नाही, त्या माणसाला आपण मनातल्या मनात काय समजतो? आणि ते समजण्याआधी काही तपासतो का?

हा प्रश्न मला माझ्याच एका चुकीमुळे पडला, म्हणून आधी ती चूक सांगते.

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. आम्ही फर्स्ट इयरला होतो, बोटाला पहिल्यांदाच शाई लागली होती. आपापल्या गावी मतदान करून आम्ही बऱ्याच जणी रात्री होस्टेलवर परतलो. मेसमध्ये ताटं वाढून घेतली आणि विषय निघाला ‘लाडकी बहीण’चा. ही योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली होती. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिन्याला १५०० रुपये. मतदानाआधीच पाच हप्ते, म्हणजे ७५०० रुपये, खात्यात जमा झाले होते.

मी मोठ्या आवाजात म्हणाले, “पंधराशे रुपयांत मत विकतात लोक. मग रस्त्यात खड्डे का म्हणून विचारतात!”

माझी रूममेट म्हणाली, “माझ्या आईला येतात पंधराशे.”

इथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हणाले, “मग तिनेही विकलंच ना.”

ती काही बोलली नाही. ताट तसंच ठेवून उठली. पुढच्या महिन्यात तिने वॉर्डन मॅडमकडे अर्ज देऊन रूम बदलून घेतली. रोल नंबर शेजारी-शेजारी, त्यामुळे प्रॅक्टिकलची बॅच एकच, एकाच टेबलावर रीडिंग घ्यायचो. “स्केल दे”, “रीडिंग सांग” याच्या पलीकडे बरेच महिने आम्ही बोललो नाही. मी स्वतःला समजावलं की सत्य कडू असतं. हे वाक्य फार सोयीचं आहे. दुसऱ्याला लागेल असं काहीही बोलून वर ते चिकटवता येतं.

चाकणमध्ये काय झालं

आता मध्येच कंपनीची गोष्ट सांगते. विषयांतर वाटेल, पण लेखाची किल्ली तिथेच आहे.

मागच्या सुट्टीत मी चाकण एमआयडीसीत एका वाहनांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप केली, क्वालिटी डिपार्टमेंटला. एके दिवशी सेकंड शिफ्टमध्ये एका ब्रॅकेटचे बरेच जॉब रिजेक्ट झाले. बोअर जागेवरून सरकलेला. साहेबांनी मला कारण शोधून फॉर्म भरायला सांगितलं. मी मशीनवर गेले, पाच मिनिटं पाहिलं आणि लिहिलं, “ऑपरेटरने जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसवला नाही. ऑपरेटरची चूक.”

साहेबांनी फॉर्म वाचला आणि त्या ओळीवर लाल पेनने काट मारली. “मॅडम, हे कारण कस्टमर घेत नाही. आपणही घेत नाही. परत जा आणि विचारा, का?”

ज्यांनी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग वाचलंय त्यांना ‘फाइव्ह व्हाय’ माहीत असेल. चाकणमध्ये सगळे ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. ही पद्धत टोयोटाची. तैइची ओनो यांनी ती कारखान्यात रुजवली. एकदा ‘का’ विचारून थांबायचं नाही, उत्तरावर परत ‘का’ विचारायचं, साधारण पाच वेळा.

मी परत गेले. जॉब नीट का बसला नाही? कारण खालच्या पॅडवर चिप अडकली होती. चिप का अडकली? कूलंटने धुऊन गेली नाही. का नाही गेली? प्रेशर कमी होतं. प्रेशर कमी का? फिल्टर चोक झाला होता. फिल्टर चोक का झाला? कारण मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये फिल्टर साफ करणं हा मुद्दाच नव्हता.

साहेब म्हणाले, “आता सांगा, तो ऑपरेटर काढून दुसरा उभा केला असता तर?”

“तरी रिजेक्शन झालंच असतं.”

“मग ती त्याची चूक कशी?”

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी डायरीत लिहून ठेवलंय. ‘ऑपरेटरची चूक’ लिहिणाऱ्याने शोध घेतलेला नसतो, शोध थांबवलेला असतो. माणसाचं नाव मिळालं की आपल्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि आपण चहाला निघून जातो.

त्या दिवशी कंपनीच्या बसमधून परत येताना चाकण चौकात नेहमीसारखा ट्रॅफिक जाम होता. खिडकीतून बघता बघता मला एकदम ते मेसमधलं ताट आठवलं. मी रूममेटच्या आईबद्दल जे बोलले होते, तेसुद्धा ‘ऑपरेटरची चूक’च होतं. मत पटलं नाही, म्हणजे माणूस खराब. शोध बंद, चला चहाला.

ही सवय एकट्या माझी नाही

याबद्दल लायब्ररीत थोडं वाचलं. १९६७ साली अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोघांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने, काही विरोधात. लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत काय असेल हे ओळखायचं होतं. काही वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, ती त्याला नेमून दिली होती. हे माहीत असूनही त्यांनी अंदाज केला की बाजूने लिहिणारा मनातूनही कॅस्ट्रोच्या बाजूचाच असावा.

आमच्या शाळेत डिबेटला चिठ्ठी काढून बाजू मिळायची. ‘होमवर्क हवा’ची चिठ्ठी मला आली, तर वर्ग महिनाभर मला होमवर्कवाली म्हणत होता. हे तसंच झालं.

समोरच्याची परिस्थिती न बघता त्याच्या वागण्याचं कारण थेट त्याच्या स्वभावात शोधायचं, या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिलं. मराठीत आपण तिला ‘कारण लावण्यातली मूलभूत चूक’ म्हणू. गंमत अशी की स्वतःच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. मी लेक्चरला उशिरा आले तर बस उशिरा आली होती. दुसरी उशिरा आली तर ती आळशी आहे.

अजून एक पाहणी सांगते. २०१९ मध्ये ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांना विचारलं की समोरच्या पक्षात टोकाची मतं असलेले लोक किती असतील. दोन्हीकडच्यांनी साधारण ५५ टक्के सांगितले. प्रत्यक्षात ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे ज्या विरोधकाशी आपण मनात भांडतो, त्याच्यातला निम्मा आपणच बनवलेला असतो.

आपल्याकडचं जुनं उदाहरण

अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. पिंपरीहून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात आपण पुण्यात उतरतो, आणि या विषयातलं सगळ्यात मोठं उदाहरण तिथलंच आहे. टिळक आणि आगरकर. दहावीपर्यंत मला हे दोघे ‘मित्र’ एवढेच माहीत होते.

दोघे डेक्कन कॉलेजात असताना जवळ आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, हा वाद होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरूनही वाद होते. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर एक बाजूने, दुसरा विरोधात. दोघांनी एकमेकांवर लिहिताना हात आखडता घेतला नाही, बोचरं आणि वैयक्तिकही लिहिलं. म्हणजे हे दोघे संत होते आणि आपणच तेवढे वाईट, असं मला म्हणायचं नाही.

पण त्यांच्यापेक्षा आजूबाजूच्या लोकांनी काय केलं ते बघा. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली! एक हाडामासाचा माणूस, दम्याने आजारी, फर्ग्युसनमध्ये शिकवतोय आणि त्याच्या प्रतिमेची तिरडी रस्त्यावरून चाललीये. ज्यांनी ती उचलली त्यांतल्या किती जणांनी ‘सुधारक’चा एक तरी अंक पूर्ण वाचला असेल? मला माहीत नाही. पण मेसमध्ये मी जे बोलले तेही त्या योजनेचे नियम न वाचताच बोलले होते, हे मला माहीत आहे.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले, ३८ व्या वर्षी. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. वीस वर्षांनी असाच प्रसंग परत आला. गोपाळ कृष्ण गोखले आणि टिळक यांचं भांडण तर १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये पक्ष फुटण्यापर्यंत गेलेलं. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरून आले आणि स्मशानात बोलले. ज्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला त्यांना भारताचा हिरा म्हणाले.

मला यातून कळलं ते असं. टिळकांनी आपलं मत बदललं नाही. गोखल्यांचा मार्ग त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. पण ‘याचं मत चूक आहे’ आणि ‘हा माणूस खोटा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे त्यांनी निदान शेवटी तरी उघड सांगितलं. फक्त ते सांगायला स्मशानापर्यंत थांबावं लागलं, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकाला काय असतं तेही आपल्या जवळच घडलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्याचं म्हणणं खोडायचं, तो माणूसच खोडला.

वर्कशॉपमधले मामा

कुणी म्हणेल, ही पुस्तकातली मोठी माणसं, आपल्या कॉलनीत असं कुठे असतं? आपल्या पिंपरी-चिंचवडचा इतिहास बघा. हे गाव कारखान्यांचं. आज आपण पक्षावरून भांडतो, एकेकाळी इथे युनियनवरून घरं तुटली. १९८९ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे नंतर टाटा मोटर्स झालेल्या कंपनीच्या, पिंपरी कारखान्यात दोन कामगार संघटनांमध्ये मोठा संघर्ष झाला. सप्टेंबरमध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उठवलं. जुन्या लोकांना अजून ते दिवस आठवतात.

आपल्या वर्कशॉपमधले मामा (कुठले ते सांगत नाही, रागावतील) तेव्हा भोसरीच्या एका दुसऱ्याच छोट्या कंपनीत टर्नर होते. तिथेही एकदा संप झाला. फाइलिंगचा जॉब करताना मी त्यांना सहज विचारलं, तर त्यांनी सांगितलं.

“चाळीत माझ्या शेजारचाच माणूस. त्याची आणि माझी एकच शिफ्ट, एकाच सायकलवर जायचो. संपात तो आत गेला, कामावर. मी त्याला सगळ्यांसमोर फितूर म्हणालो. दोन वर्षं बोललो नाही. आमच्या बायकांनी नळावर बोलणं बंद केलं.”

“मग?”

“मग कुणाकडून तरी कळलं. त्याच्या पोराचं ऑपरेशन ठरलेलं होतं त्या महिन्यात. पगार बुडाला असता तर ते राहिलं असतं.”

“तुम्हाला सांगितलं का नाही त्यांनी?”

मामांनी कानस बाजूला ठेवली. “मी विचारलंच कुठे होतं? फितूर म्हणाल्यावर कोण सांगेल?”

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. शिक्का मारला की समोरचा आपली कारणं सांगायचं बंद करतो. मग कारणं ऐकू येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की त्याच्याकडे कारणं नाहीतच. शिक्का आपला आपणच खरा करून घेतो.

मामा पुढे म्हणाले, “पण संप बरोबर होता हां. ते अजूनही म्हणतो.” हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बटण तेच, माणूस तोच

आता जरा आजच्या काळातलं. आपलं शहर लोकसभेला दोन मतदारसंघांत विभागलंय. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये, तर भोसरी शिरूरमध्ये. चाकणही शिरूरमध्येच. या शिरूरचं उदाहरण बघा, नुसती नोंद म्हणून.

२०१९ च्या लोकसभेला अमोल कोल्हे घड्याळ या चिन्हावर उभे होते आणि समोर शिवसेनेचे धनुष्यबाण घेऊन शिवाजीराव आढळराव पाटील. कोल्हे निवडून आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी झाली आणि कालचे विरोधक एका सरकारात बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ च्या लोकसभेला, १३ मे रोजी, तेच दोघे परत समोरासमोर आले. पण आता घड्याळ आढळरावांकडे होतं आणि कोल्हे तुतारी घेऊन उभे होते. परत कोल्हेच निवडून आले.

यात मला कोण बरोबर हे सांगायचं नाही. कार्यकर्त्यांचा आणि साध्या मतदारांचा विचार करा. पाच वर्षांपूर्वी ‘घड्याळवाले असलेच’ म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना आता घड्याळाचा प्रचार करावा लागला. ज्यांच्याशी पारावर बोलत नव्हते, त्यांच्याच गाडीत बसून सभेला जावं लागलं. समजा, ‘त्या बाजूचे लोक स्वभावानेच वाईट’ हे खरं होतं. मग एका रात्रीत त्यांचा स्वभाव बदलला का? लॅबमध्ये एक व्हेरिएबल बदलून बाकीचे स्थिर ठेवतात, तसाच हा प्रयोग महाराष्ट्रात झाला. चिन्हं बदलली, माणसं तीच राहिली. आपल्या मनातला त्यांच्याबद्दलचा निष्कर्ष जर चिन्हाबरोबर बदलत असेल, तर तो निष्कर्ष माणसाचा नव्हताच, चिन्हाचा होता.

आमचं व्हाय-व्हाय

इंटर्नशिप संपल्यावर मी रूममेटकडे गेले. मुद्दाम ‘जुनी रूममेट’ म्हणत नाही. सॉरी म्हणाले. ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि पुस्तकात बघत राहिली. मग मी जे नोव्हेंबरमध्ये विचारायला हवं होतं ते विचारलं.

“काकूंनी मत कुणाला दिलं ते नको सांगू. का दिलं ते सांगशील?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते असं. तिचं घर खेड तालुक्याच्या पूर्व भागात. घरात कांदा, चाकणच्या मार्केट यार्डात विकायला जातो. पट्टी येते ती बापूंच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या नावावर. दूध जातं डेअरीला, त्याचं बिलही बापूंच्या नावावर. आई पहाटे चारपासून राबते, पण पंचेचाळीस वर्षांत तिच्या स्वतःच्या नावावर कुठूनच पैसे आले नव्हते. योजनेसाठी तिने खात्याला आधार जोडून घेतलं. पहिला हप्ता आला त्या दिवशी ती एकटी बँकेत गेली, पासबुक भरून आणलं आणि घरी सगळ्यांना दाखवलं. त्यातून तिने पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी आणलं. काय, तर चष्मा. दोन वर्षं सुईत दोरा ओवता येत नव्हता.

“आणि बापूंनी?” मी विचारलं.

“बापूंनी विरोधात दिलं. कांद्यामुळे.”

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली, तीही निर्यातशुल्क आणि किमान निर्यातदर लावून. बंदी आली आणि भाव कोसळले. पुढचा उन्हाळी कांदा निघाला तेव्हाही बंदी होतीच. काहींनी तो बराखीत ठेवला, पण तिच्या घरी कर्जाचा हप्ता होता, थांबता आलं नाही. मिळेल त्या भावात विकला.

म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खाणाऱ्या दोघांनी दोन वेगळी बटणं दाबली. दोघांकडे कारण होतं. मी दोघांनाही ओळखत नव्हते आणि एका वाक्यात निकाल लावून मोकळी झाले होते.

मग ती म्हणाली, “आता तुझं सांग. तू का दिलंस?”

मी सुरुवात केली. अमुक पक्ष बरा म्हणून. का बरा? कारण त्यांनी कामं केली. कुठली? मेट्रो सांगितली. “ती कुणी मंजूर केली, कधी, माहितीये?” नव्हतं माहीत. मार्च २०२२ मध्ये पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंत सुरू झाली एवढंच माहीत होतं, कारण आम्ही सगळे फोटो काढायला गेलो होतो. मग बरा का वाटतो? कारण घरी सगळे तसंच म्हणतात. घरी का म्हणतात? तिथे माझी गाडी थांबली. चौथ्या ‘का’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मताचं मूळ कारण आमचं डायनिंग टेबल निघालं.

तिच्या आईचं मत निदान तिचं स्वतःचं होतं. ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

मग सगळीच मतं बरोबर का?

नाही. इथे गोंधळ नको. मी त्या ब्रॅकेटचं मूळ कारण शोधलं म्हणून ते ब्रॅकेट पास झालं नाही. रिजेक्ट जॉब रिजेक्टच राहतो, लाल ट्रेमध्येच जातो. तसंच समोरच्याचं कारण कळलं म्हणजे त्याचं मत पटलं असं होत नाही. सरकारने असे थेट पैसे वाटावेत का, याबद्दल माझ्या शंका अजून आहेत आणि त्या मी रूममेटला सांगितल्याही. मामांनाही संप अजून बरोबरच वाटतो.

दुसरं, जगात खरोखर विकलेली, खोटं बोलणारी, द्वेष पसरवणारी माणसं असतात. कारखान्यातही कधीतरी कुणी मुद्दाम बिघाड करतो. पण तो तपासाच्या शेवटी निघणारा निष्कर्ष असतो, पुरावा हातात घेऊन. तपास न करता पहिल्या ओळीत तो लिहायचा नसतो. आणि जो कुणाच्या जातीला, धर्माला, बाईपणाला शिवी देतो, त्याला “तुझं कारण काय बाबा” विचारत बसावं असंही मी म्हणत नाही. तिथे ठाम नाही म्हणावं.

होस्टेलसाठी चार गोष्टी

हा अभ्यासाचा लेख आहे, त्यामुळे शेवटी ‘कन्क्लुजन’ लिहायलाच हवं. जर्नलमध्ये उतरवून घ्यायला हरकत नाही.

१. मताला नाव ठेवा, माणसाला नको. ‘हे मला पटत नाही’ म्हणून बघा. ‘तू विकला गेलास’, ‘तू अंधभक्त’, ‘तू देशद्रोही’, ही सगळी ‘ऑपरेटरची चूक’ची वेगवेगळी स्पेलिंग्ज आहेत.

२. निदान तीनदा ‘का’ विचारा, पण व्हायवासारखं नको. एक्स्टर्नल विचारतो तसा ‘का’ समोरच्याला गप्प करतो. आपल्याला उत्तर हवं असेल तर आवाजातच कळतं.

३. माणूस बदलून बघा. त्याच्या जागी, त्याच्या घरात, त्याच्या कर्जासकट स्वतःला उभं करा. तुम्हीही तेच बटण दाबलं असतं का? उत्तर ‘कदाचित’ आलं, तर शिक्का खिशात ठेवा.

४. तेच ‘का’ आधी स्वतःला विचारा. आपलं मत कितव्या प्रश्नाला संपतं ते बघा. माझं चौथ्याला संपलं.

रूममेट परत माझ्या रूमवर आलेली नाही. तिची नवीन रूम जिन्याजवळ आहे, तिथे नेटवर्क चांगलं येतं, हे तिचं कारण. मी ते मान्य केलंय, पुढचा ‘का’ विचारला नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी जाऊन आले. काकूंनी चष्मा लावून मला ताट वाढलं. त्या काय बोलल्या नाहीत, त्यांना बहुतेक काहीच माहीत नव्हतं. तिने घरी सांगितलंच नव्हतं, मी त्यांच्याबद्दल काय बोलले होते ते.

ते ताट मात्र मी पूर्ण संपवलं.